कळविण्यास अत्यंत आनंद होतो की...

अर्ज लिहिणे ही एके काळी वाकण्याची कला होती. आम्हाला शाळेत ती रीतसर शिकवली गेली. वर डाव्या हाताला 'प्रति', खाली 'महोदय', मग 'सविनय विनंती', आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात 'आपला नम्र'. नोकरीचा अर्ज असेल तर 'आपला आज्ञाधारक'. मधल्या मजकुरात उमेदवाराने जितके वाकता येईल तितके वाकावे, अशी अपेक्षा असे. आपण हुशार आहोत हे सांगायचे, पण कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

हल्ली अर्ज वाकत नाही. तो ताठ उभा राहून भाषण करतो. त्याला आता 'पोस्ट' म्हणतात आणि ती 'लिंक्डइन' नावाच्या ठिकाणी लावतात. ज्या भाग्यवंतांना हे ठिकाण ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लिंक्डइन हा नोकरदारांचा कट्टा आहे. फेसबुकवर माणूस लोणावळ्याला जातो तेव्हा भजी खाल्ल्याचा फोटो लावतो. लिंक्डइनवर तोच माणूस त्याच लोणावळ्याला 'नेतृत्व विकास शिबिरा'साठी गेलेला असतो. भजी तीच. इथे कुणालाही साधी नोकरी लागत नाही, 'नव्या प्रवासाची सुरुवात' होते. कुणी नोकरी सोडत नाही, 'एक अध्याय संपतो'. आणि प्रत्येक पोस्टची सुरुवात 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की' या मंगलाचरणाने होते.

आमच्या बँकेचा या गोष्टीशी काही संबंध येईल असे वाटले नव्हते. पण एक दिवस वरच्या ऑफिसातून परिपत्रक आले. प्रत्येक कर्मचाऱ्याने लिंक्डइनवर खाते उघडावे आणि आठवड्यातून किमान एक 'एंगेजिंग' पोस्ट लिहावी. आमच्या कॅशिअरबाईंनी परिपत्रक दोनदा वाचले आणि विचारले, "एंगेजिंग म्हणजे काय हो? साखरपुड्याची?" साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवले. "तुम्ही लेखक ना? मग बघा जरा, कसं लिहितात ते."

मी बी.कॉम. माणूस. कोणताही नवा खर्च समोर आला की मागची व्हाउचरे काढून बघायची, एवढीच आमची विद्या. तेव्हा मी मागची व्हाउचरे काढायला बसलो, आणि बघता बघता दोन हजार वर्षे मागे गेलो.

पहिले व्हाउचर सापडले ते जुन्नरजवळच्या नाणेघाटात. कोकणातून देशावर येणारा व्यापारी माल याच घाटाने चढत असे. घाटमाथ्यावर एक लेणे आहे आणि त्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. घराण्याने कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापणे दिली, हे त्यात आकड्यांनिशी दिले आहे. आपल्याकडच्या अतिशय जुन्या अंकचिन्हांत या लेखाची गणना होते. म्हणजे 'पोस्टमध्ये आकडे घाला, वाचक थांबतो' हा जो सल्ला आज पैसे घेऊन देतात, तो आमच्या जुन्नर तालुक्यात दगडावर फुकट उपलब्ध आहे.

जागासुद्धा पाहा कशी निवडली! राजवाड्यात लेख लावला असता तर तो घरच्याच लोकांनी वाचला असता. लावला तो घाटमाथ्यावर, जिथे प्रत्येक व्यापारी दम खायला थांबणारच. त्या लेण्याच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मंडळींच्या मूर्तीही होत्या. मूर्ती गेल्या. उरल्या त्या पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे. प्रोफाइलवरच्या फोटोसाठी स्टुडिओत जाऊन कोट भाड्याने घेणाऱ्यांनी हे एकदा बघून यावे.

दुसरे व्हाउचर नाशिकचे. पांडवलेण्यांतल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी हा हिचा मुलगा. लेख कोरला गेला तो नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी. भिक्खूंना लेणे दान दिल्याची नोंद करायची होती. आजीबाईंनी ती केली, पण त्याआधी मुलाचे कौतुक करून घेतले. त्याने शक, यवन, पह्लव यांचा पराभव केला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, त्याने कर न्यायाने घेतले, प्रजेच्या सुखदुःखाला तो आपले सुखदुःख मानी. आणि या सगळ्या पराक्रमांच्या रांगेत हळूच एक वाक्य आहे, की तो आईच्या सेवेत कधी कमी पडला नाही. इतके विश्वासार्ह शिफारसपत्र मी दुसरे पाहिलेले नाही. तीन समुद्रांबद्दल इतिहासकार वाद घालोत, या एका कलमाबद्दल साक्षीदार स्वतः सही करून उभी आहे.

तिसरे व्हाउचर मंदसौरचे. जुने नाव दशपूर. इथे राजाचा नाही, रेशीम विणणाऱ्या कारागिरांच्या श्रेणीचा लेख आहे. ही मंडळी गुजरातकडच्या लाट देशातून पोटापाण्यासाठी इकडे आली. काहींनी धंदा बदलला. कुणी धनुर्विद्या धरली, कुणी ज्योतिष, कुणी कथा सांगू लागले. बाकीचे मागावर राहिले, सर्वांनी मिळून सूर्याचे देऊळ बांधले आणि पुढे इसवी सन ४७३ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. त्या निमित्ताने वत्सभट्टी नावाच्या कवीकडून त्यांनी लेख लिहून घेतला. देवळाची हकिगत सांगता सांगता कवी मधेच सुचवून जातो, की बाईने दागिने, फुले, विडा सगळे केले तरी रेशमी वस्त्र नेसल्याशिवाय ती प्रियकराला भेटायला निघत नाही. जीर्णोद्धाराच्या लेखात मालाची जाहिरात! आमच्या गल्लीतला गणपतीचा मांडवसुद्धा याच परंपरेतला आहे, हे मला तेव्हा कळले.

चौथे ऐहोळ्याचे, इसवी सन ६३४. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याची ही प्रशस्ती. नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख यातच येतो, म्हणून मराठी माणसाला हा लेख जवळचा. लिहिणारा रविकीर्ती. साहेबांची स्तुती त्याने मन लावून केली, आणि शेवटी स्वतःबद्दल लिहिले की आपली कीर्ती कालिदास आणि भारवी यांच्या तोडीची आहे. लिंक्डइनच्या भाषेत याला 'टॅग करणे' म्हणतात. मोठ्या माणसाचे नाव चिकटवायचे, म्हणजे त्याच्याकडे बघणारे आपल्याकडेही बघतात. गंमत पुढे आहे. कालिदासाचा काळ ठरवताना विद्वानांना आज याच लेखाचा आधार घ्यावा लागतो. कालिदास ६३४ च्या आधी होऊन गेला, याचा दाखला कोण देतो? रविकीर्ती! ज्याच्या वशिल्याने आत शिरायचे त्याचाच हयातीचा दाखला देण्याचे भाग्य सगळ्याच टॅग करणाऱ्यांना लाभत नाही.

आता पाचवे व्हाउचर परदेशी आहे, पण सगळ्यांत वजनदार. १४८२ च्या सुमाराची गोष्ट. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये तिशीचा एक उमेदवार मिलानला नोकरी बघत होता. मिलानचा कारभार तेव्हा लुडोविको स्फोर्झाच्या हाती होता. गादीवर पुतण्या आणि कारभारावर काका, हा प्रकार शनिवारवाडा पाहिलेल्या वाचकांना समजावून सांगायला नको. अशा काकांच्या डोक्यात चोवीस तास काय असते? लढाई. उमेदवाराने हे ओळखले आणि कलमवार अर्ज लिहिला. मी हलके आणि उचलून नेता येणारे पूल बांधतो. खंदकातले पाणी काढतो. तोफा बनवतो. आवाज न होता भुयारे खणतो. वरून झाकलेले, शत्रूच्या गर्दीत घुसणारे गाडे बनवतो. अशी नऊ कलमे युद्धाची. दहावे शांततेच्या काळाचे, इमारती आणि पाणीपुरवठा. आणि मग जाता जाता, की शिल्पकाम करतो, चित्रेही काढतो.

उमेदवाराचे नाव लिओनार्दो दा विंची.

चित्रकला सर्वांत शेवटी! फ्लॉरेन्समध्ये एक मोठे चित्र अर्धवट सोडून तो निघाला होता, त्याचा अर्जात उल्लेख नाही. ते व्यवहाराला धरूनच झाले. पण या अर्जात मला जे शिकण्यासारखे वाटले ते वेगळेच. त्यात 'मी अत्यंत तळमळीचा आणि मेहनती आहे' असले काही नाही. वाचणाऱ्याची अडचण काय, आणि तिच्यावर माझ्याकडे कोणते औषध आहे, एवढेच आहे. आणि शेवटी तो म्हणतो, की यातले काही अशक्य वाटत असेल तर आपल्या बागेत किंवा म्हणाल तिथे करून दाखवतो. साडेपाचशे वर्षांत याहून चांगली शेवटची ओळ कुणाला सुचलेली नाही.

लिओनार्दो मिलानला सतराएक वर्षे राहिला. लुडोविकोच्या वडिलांचा ब्राँझचा घोडा करण्याचे त्याने अर्जात कबूल केले होते. मातीचा नमुना झाला, पण ब्राँझ १४९४ मध्ये तोफांकडे गेले आणि १४९९ मध्ये फ्रेंच तिरंदाजांनी तो नमुना नेमबाजीसाठी वापरला. मिलानमधल्या कामांपैकी जग आज जे बघायला जाते ते 'लास्ट सपर' हे चित्र. म्हणजे अर्जातले शेवटचे, जाता जाता लिहिलेले कलम.

मग येते आपले लिंक्डइन. रीड हॉफमन आणि सोबत्यांनी ते २००२ च्या अखेरीस काढले आणि ५ मे २००३ रोजी लोकांसाठी उघडले. पहिल्या महिन्याअखेर सभासद साडेचार हजार. तेव्हा तिथे फक्त माहिती भरायची असे, आमच्या केवायसीच्या फॉर्मसारखी. २०१२ मध्ये निवडक बड्या मंडळींना लेख लिहू दिले, २०१४ पासून ती मुभा हळूहळू सर्वांना मिळाली, आणि माणसे सुटली. २०१७ च्या सुमारास तर एका वाक्याचा एक परिच्छेद, मधे एक ओळ रिकामी, अशी टूम निघाली. कारण सरळ आहे. पोस्टच्या पहिल्या दोनतीन ओळीच दिसतात, पुढे 'आणखी पाहा' असे बटण येते. कीर्तनकार आख्यान ऐन रंगात आणून आरतीचे ताट फिरवत, तेच तंत्र.

२०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे सगळे प्रकरण २६२० कोटी डॉलरना विकत घेतले. त्यातली निम्म्याहून अधिक रक्कम हिशेबाच्या वहीत 'गुडविल' या नावाने दाखवली आहे. आम्हाला कॉलेजात शिकवले होते, की गुडविल ही न दिसणारी मालमत्ता. स्वतःच्या मनात कितीही असली तरी वहीत लिहिता येत नाही. दुसऱ्याने पैसे मोजले तरच लिहायची. हा नियम जर लिंक्डइनवरच्या पोस्टींना लावला, तर संध्याकाळपर्यंत ते ठिकाण ओसाड पडेल.

मी साहेबांना पोस्ट लिहून दिली. 'या आठवड्यात शाखेत २१२ पेन्शनरांचे हयातीचे दाखले घेतले. एकाही आजी-आजोबांना दुसऱ्यांदा जिना चढावा लागला नाही.' साहेबांनी वरती 'कळविण्यास अत्यंत आनंद होतो की' जोडले आणि खाली स्वतःचा फोटो. रविकीर्तीचा वंश संपलेला नाही.

ही सगळी थट्टा खरी. पण आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात. एका कारखान्यात एकोणीस वर्षे स्टोअर्स सांभाळत होते. २०२० साली कारखाना बंद पडला. वय एकावन्न, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. 'काम हवे आहे' असे सांगणारे हिरवे कडे लिंक्डइनने त्याच वर्षी काढले, तेही मुलीने त्यांच्या फोटोभोवती लावून दिले. भाच्याने सुंदर इंग्रजीत पोस्ट लिहिली. नवा प्रवास, नवी क्षितिजे. आठवड्यात अकरा लाइक आले. एका रात्री ते वर आले आणि म्हणाले, "अहो, अकरातले नऊ घरचेच आहेत. दहावे तुम्ही. अकरावा कोण ते कळत नाही."

मी त्यांना मिलानच्या अर्जाची गोष्ट सांगितली. मग आम्ही दोघांनी बसून लिहिले: 'एकोणीस वर्षे स्टोअर्स सांभाळले. चार हजारांवर सुटे भाग. कुठला नट कुठल्या फळीवर आहे हे रजिस्टर न उघडता सांगत असे. ३१ मार्चला मोजणीत फरक निघाला तर तो सापडल्याशिवाय घरी गेलो नाही. तुमच्या गोडाउनात माल असून सापडत नसेल तर मला एक दिवस बोलवा. त्या दिवसाचे पैसे नकोत.'

"शेवटी 'आपला नम्र' लिहू?" त्यांनी विचारले.

"लिहा की," मी म्हणालो.

लाइक तेवीसच आले. पण त्यांतला एक भोसरीचा होता. त्याच्या गोडाउनात माल असून सापडत नव्हता. एक दिवस बोलावले, दुपारी दोनपर्यंत माल सापडला, आणि पहिल्या तारखेपासून हे कामावर.

नाणेघाटापासून भोसरीपर्यंतची सगळी व्हाउचरे समोर ठेवली की मला एवढेच दिसते. नावाची हौस सगळ्यांनाच होती, राणीला आणि कवीलाही. पण विणकर, लिओनार्दो आणि तळमजल्यावरचे गृहस्थ यांना नावापेक्षा काम हवे होते. पोस्ट कितीही ताठ उभी असली तरी तिच्या आत बहुधा एक अर्ज असतो. म्हणून हल्ली कुणाचा 'अत्यंत आनंद' दिसला की मी हसतो खरा, पण 'आणखी पाहा' हे बटणही दाबतो.

महिनाभराने ते गृहस्थ जिन्यात भेटले. मी म्हटले, "काय हो, नोकरी लागल्याची पोस्ट नाही टाकलीत ती? कळविण्यास आनंद वगैरे?"

"वेळ कुठाय?" ते म्हणाले. "माल मोजायचाय अजून."