बसमधलं घर: वीज कुठून येते, कुठे जाते आणि बॅटरी अचानक का 'मरते'?

जुन्या बसचं घर केलेले व्हिडिओ तुम्ही इन्स्टावर नक्की पाहिले असतील. लाकडी फ्लोअरिंग, फेअरी लाइट्स, खिडकीबाहेर डोंगर. अमेरिकेत अशा बदललेल्या स्कूल बसला 'स्कूली' म्हणतात. मी आणि माझा नवरा गेली दोन वर्षं अशाच एका स्कूलीत राहतोय. बस २००३ ची आहे, कमिन्सच्या डिझेल इंजिनची. आठवडाभर आम्ही अ‍ॅरिझोनातल्या एका आरव्ही पार्कमध्ये प्लगला जोडलेले असतो आणि सुट्टीत बाहेर पडतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे वायरिंगचा हिशोब मला सहज जमेल असं वाटलं होतं. मग एका थंडीत, आई-बाबा भारतातून आलेले असताना, रात्री अडीच वाजता सगळी वीज गेली. त्या रात्री जे कळलं, ते या लेखात सोपं करून सांगते.

आधी बॅटरी समजून घेऊ

तुमच्या फोनची बॅटरी ५००० एमएएच असेल, तर तिच्यात साधारण १९ वॉट-अवर ऊर्जा असते. वॉट-अवर म्हणजे काय? १० वॉटचा बल्ब २ तास लावला तर २० वॉट-अवर खर्च झाले. वॉट गुणिले तास, बस्स. विजेच्या बिलावरचं १ युनिट म्हणजे १००० वॉट-अवर.

आमच्या बसमध्ये १२.८ व्होल्टच्या, २०० अँपिअर-अवरच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या आहेत. १२.८ गुणिले ४०० म्हणजे ५१२० वॉट-अवर, म्हणजे साधारण २६५ फोन. ऐकायला खूप वाटतं, पण बिलाच्या भाषेत ती फक्त ५ युनिटं आहेत.

इंजिन स्टार्ट करायची बॅटरी वेगळी असते. घराची वीज संपली तरी गाडी चालू झाली पाहिजे, म्हणून या दोन्ही कधीच एकत्र करायच्या नाहीत.

चार्जिंग तीन वाटांनी होतं:

- सोलर: टपावर २०० वॉटचे ४ पॅनल. हिवाळ्यात आडवे ठेवलेले पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण २००० वॉट-अवर देतात. ८०० वॉटचे पॅनल म्हणजे दिवसभर ८०० वॉट मिळत नाहीत, हे लक्षात ठेवा.
- इंजिनचा अल्टरनेटर: मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. थेट जोडलं तर लिथियम बॅटरी एवढा करंट ओढते की अल्टरनेटर जळू शकतो.
- बाहेरचा प्लग: आरव्ही पार्कमध्ये १२० व्होल्ट, ३० अँपिअरचं कनेक्शन मिळतं. म्हणजे जास्तीत जास्त ३६०० वॉट.

भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे चालत नाही. आईला हे पटायला दोन दिवस लागले.

त्या रात्री काय झालं?

नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते. आम्ही चौघं बुधवारी संध्याकाळी फ्लॅगस्टाफजवळ पोहोचलो. अ‍ॅरिझोना म्हटलं की वाळवंट आठवतं, पण हे गाव २१०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे भरपूर बर्फ पडतो. बॅटरी फुल होती. गुरुवारी बर्फ पडला, पॅनल झाकले गेले आणि सोलर शून्यावर आलं. टपावर घसरायची भीती होती, म्हणून साफ करायला कोणी चढलं नाही.

मी फोनवर अ‍ॅप बघत होते. शुक्रवारी रात्री व्होल्टेज १३ होतं, म्हणून निवांत झोपले.

शनिवारी पहाटे चारला थंडीने जाग आली. हीटर बंद, फ्रिज बंद, लाइट बंद. बाहेर उणे ८. बाबांना मधुमेह आहे आणि त्यांचं वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन खिडकीच्या कठड्यावर होतं. काचेवर आतून बर्फ जमला होता. इन्सुलिन एकदा गोठलं की वितळल्यावरही वापरायचं नसतं. आईने पेन उचलून शालीत गुंडाळलं, पण ते गोठून गेलं होतं का, हे कोण सांगणार? शंका होती, म्हणून ते पेन शेवटी टाकूनच दिलं. नशिबाने फ्रिजमधल्या डब्यातली नवीन पेनं ठीक होती. बंद फ्रिजही थर्मोकोलच्या पेटीसारखा काम करतो, आतला थर्मामीटर ३ अंश दाखवत होता.

बाबा काही बोलले नाहीत, फक्त स्वेटरवर दुसरा स्वेटर चढवला. मला तेच जास्त लागलं.

हिशोब कुठे चुकला?

सकाळी वहीवर २४ तासांचा खर्च मांडला. सुट्टी असल्यामुळे लॅपटॉप बंदच होते.

- १२ व्होल्टचा फ्रिज: ४५० वॉट-अवर
- डिझेल हीटरचा पंखा आणि पंप, २५ वॉट, १२ तास: ३००
- इंटरनेटचा राउटर, १० वॉट, २४ तास: २४०
- एलईडी लाइट: १००
- चार फोन: ६०
- मिक्सर, ६०० वॉट, ५ मिनिटं: ५०
- पाण्याचा पंप: १५

बेरीज १२१५. या हिशोबाने ५१२० वॉट-अवर चार दिवस पुरायला हवे होते. पुरले सव्वादोन दिवसांपेक्षा थोडे जास्त. मग बाकीचे गेले कुठे?

उत्तर: इन्व्हर्टर. बॅटरीच्या १२ व्होल्ट डीसीचं १२० व्होल्ट एसी करणारा हा डबा काहीही जोडलेलं नसतानाही वीज खातो. आमचा ४० वॉट खातो. ४० गुणिले २४ म्हणजे दिवसाला ९६० वॉट-अवर! फ्रिजच्या दुप्पट. आणि मी तो चालू ठेवला होता फक्त राउटर आणि फोनच्या चार्जरसाठी.

तुमच्या फोनमध्येही हेच होतं ना? आपण गेमला शिव्या देतो आणि बॅटरी संपवतं बॅकग्राउंडमधलं एखादं अ‍ॅप. मी आईला "मिक्सर जपून लाव" म्हणत होते. मिक्सर दिवसाला ५० खात होता, माझा इन्व्हर्टर ९६०. तर पहिला नियम हा: मोठ्या वॉटला घाबरू नका, २४ तास चालणाऱ्या छोट्या वॉटला घाबरा.

व्होल्टेजने फसवलं कसं?

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं व्होल्टेज जवळपास सपाट राहतं. ९० टक्के असताना साधारण १३.३ आणि ३० टक्के असताना १३.०. म्हणजे फक्त व्होल्टेज बघून किती उरलंय ते कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

यावर उपाय म्हणजे शंट. बॅटरीच्या निगेटिव्ह वायरवर हा छोटा तुकडा बसवतात. त्यातून किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला हे तो मोजतो आणि ब्लूटूथने फोनवर टक्के दाखवतो. मी पैसे वाचवायला तो घेतला नव्हता.

सकाळी खरा 'डेडलॉक' समजला

ऊन पडलं की बॅटरी चार्ज होईल असं मला वाटलं होतं. झाली नाही. गाडी चालू केली, अल्टरनेटर वीज देत होता, तरी नाही.

कारण बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आत बसलेला रखवालदार सर्किट. बॅटरी रिकामी झाली की तो बाहेर जाणारी वीज तोडतो. सेलचं तापमान शून्याखाली गेलं की चार्जिंगही तोडतो, कारण गोठणाऱ्या थंडीत चार्ज केलं तर सेलच्या आत लिथियमचा धातूचा थर जमतो आणि बॅटरी कायमची खराब होते. आमच्या बॅटऱ्या बसच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात होत्या. सेल उणे २ वर होते.

म्हणजे रिकामी आहे म्हणून देत नाही, थंड आहे म्हणून घेत नाही आणि गरम करायला वीज पाहिजे. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला डेडलॉक शिकले होते. तो असा बर्फात भेटेल असं वाटलं नव्हतं.

तोडगा आईचा होता. गॅसला वीज लागत नाही. पंप बंद होता, म्हणून पिण्याच्या कॅनमधलं पाणी तापवलं, बाटल्यांत भरलं आणि टॉवेलात गुंडाळून बॅटऱ्यांभोवती ठेवलं. गॅस गळतीचा अलार्म घराच्या १२ व्होल्टवर असल्यामुळे तोही मेला होता, म्हणून शेगडी पेटलेली असेपर्यंत खिडकी उघडी ठेवली. नवऱ्याने एक्झॉस्टभोवतीचा बर्फ काढून इंजिन पुन्हा चालू केलं, त्यामुळे बसचा मूळ हीटर सुरू झाला. दोन-तीनदा बाटल्या बदलल्यावर नऊच्या सुमारास सेल ५ अंशांवर आले आणि चार्जिंग सुरू झालं. ४० अँपिअरच्या चार्जरने दोन तासांत २० टक्के. तेवढ्यात आम्ही डोंगर उतरायला लागलो.

आता काय बदललं?

- बॅटऱ्या बेडखाली, घराच्या उबेत आणल्या.
- राउटर आणि फोन थेट १२ व्होल्टवर. त्यासाठी डीसी अडॅप्टर आणि यूएसबी सॉकेट मिळतात. इन्व्हर्टर फक्त मिक्सर लावताना चालू.
- शंट बसवला. ३० टक्क्यांवर फोनला अलर्ट येतो आणि २० टक्क्यांवर फ्रिज, हीटर सोडून बाकी सगळं बंद करतो.
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्वतःच्या सेलवर चालणारा. या वायूला वास नसतो. इंजिन, शेगडी, हीटर, कशातूनही तो येऊ शकतो. इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, कितीही थंडी असो.

वायर आणि फ्यूज: इथे चूक नको

१२ व्होल्टवर करंट खूप जातो. २००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर १६५ अँपिअरच्या वर ओढतो. घरातली साधी वायर तिथे लावली तर ती हीटरच्या कॉइलसारखी तापेल. म्हणून अंगठ्याएवढी जाड केबल आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून शक्य तितक्या जवळ फ्यूज लावायचा. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो.

आणि बस? ती 'गाडी' आहे हे विसरू नका

बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. आल्या दिवशी त्यांनी आमचा सोफा, किचन काही पाहिलं नाही, आधी गाडीखाली वाकले. आपल्याकडच्या बसला २४ व्होल्ट असतात, इथे १२ बघून त्यांना गंमत वाटली. मग म्हणाले, "तू हिला घर समजतेस, म्हणून हिच्याकडे लक्ष नाही. गाडी उभी राहिली की जास्त खराब होते, बाळा." त्यांनी लिहून दिलेली यादी फ्रिजवर लावली आहे:

- एअर ब्रेकच्या टाक्यांतलं पाणी नियमित काढणं. थंडीत ते गोठलं तर ब्रेकला धोका.
- महिन्यातून एकदा तरी गाडी रस्त्यावर नेऊन पूर्ण गरम होईपर्यंत चालवणं. जागेवर नुसतं इंजिन चालू ठेवून ते होत नाही.
- टायरची तारीख बघणं. इथे टायरवर चार आकडे असतात, ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं होतं.
- टपाचे जोड आणि पॅनलचे स्क्रू पावसाआधी सीलंटने भरणं. गळती आधी गंजात दिसते, मग छतावर.
- बॅटरीच्या केबलचे नट दर काही महिन्यांनी घट्ट करणं. गाडी हलते, नट सैल होतात आणि सैल जोड तापतो.

शेवटची ओळ त्यांनी आमच्याच बसवरून लिहिली. इन्व्हर्टरचा एक जोड त्यांना हाताला गरम लागला होता. मी मल्टिमीटरने तीनदा तपासूनही तो माझ्या लक्षात आला नव्हता.

भारतात असं करता येईल का?

टेक्निकल हिशोब तोच, फक्त २३० व्होल्टचा इन्व्हर्टर. कायद्याचा भाग मात्र आधी बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाने बदल करता येत नाहीत, म्हणून बस विकत घेण्याआधी आरटीओत विचारून घ्या. आणि आपल्याकडे थंडीपेक्षा उन्हाचा त्रास जास्त. तापलेल्या टपाखाली बॅटरी ठेवू नका, तिचं आयुष्य कमी होतं.

बस घ्यायची नसेल तरी एक गोष्ट आज करून बघा. फोनच्या सेटिंगमध्ये बॅटरी उघडा आणि बॅकग्राउंडमध्ये सगळ्यात जास्त कोण खातंय ते पाहा. बाबा परत गेल्यावर दर रविवारी फोनवर आधी "टाक्यांतलं पाणी काढलंस का?" विचारतात, मग "किती टक्के आहे?" आता मला आकडा सांगता येतो.