अकोले तालुक्यातील कौटुंबिक आत्मसंरक्षण : बिबट्या, घर आणि सोबत

१

अकोले तालुक्याच्या इतिहासात 'संरक्षण' हा विषय निघाला की अभ्यासकाची दृष्टी साहजिकच गडांकडे व घाटवाटांकडे वळते. रतनगड आणि हरिश्चंद्रगड, घाट राखणारे महादेव कोळी नाईक, आणि इंग्रजी अमलाविरुद्ध उठाव करून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात फाशी गेलेले देवगावचे राघोजी भांगरे ही या इतिहासातील परिचित प्रकरणे होत. त्या सर्वांत संरक्षण म्हणजे शस्त्र, चौकी आणि पुरुष. परंतु याच डोंगरांच्या पायथ्याशी प्रत्येक घराने दररोज सायंकाळी जे संरक्षण केले, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होण्याचे कारण नव्हते. शेळ्या दिवस मावळण्यापूर्वी आत घेणे, मुलाला एकटे बाहेर न सोडणे, सरपणास जाताना सोबत पाहणे, अंधारात बोलत चालणे या गोष्टी इतक्या नित्याच्या आहेत की त्यांना इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

प्रस्तुत लेखात या सवयींचा विचार करावयाचा आहे. ज्या प्राण्यामुळे त्या जडल्या तो प्राणी म्हणजे बिबट्या. गावकऱ्यांच्या बोलण्यात तो पुष्कळदा नुसता 'वाघ' असतो, तर कोठे 'वाघरू'. या सवयींच्या अभ्यासातून निघणारे मुख्य प्रतिपादन असे, की कुटुंबाचे आत्मसंरक्षण हत्यारापेक्षा घराच्या दैनंदिन व्यवस्थेवर अवलंबून राहिले. त्या व्यवस्थेचा भार प्रामुख्याने स्त्रियांनी वाहिला. आणि सभोवतालची परिस्थिती पालटली असता केवळ सवयीच्या बळावर घर सुरक्षित राहील अशी अपेक्षा करणे न्याय्य नाही.

२

तालुक्याची रचना प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग असून १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर याच भागात आहे. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा आणि दक्षिणेकडील मुळा या नद्या पूर्वेस वाहत जातात. पश्चिमेकडे जंगल, भातखाचरे आणि विरळ वाड्या. पूर्वेकडे नदीकाठचा बागायती पट्टा. राजूरच्या वर आणि अकोल्याच्या खाली राहणाऱ्या कुटुंबांचे जीवन त्यामुळे एकसारखे नाही.

डोंगरी भागातील जुन्या घराची बांधणी हेच या विषयाचे पहिले साधन होय. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप दिलेल्या या घरात माणसे आणि गुरे बहुधा एकाच छपराखाली राहत. नव्या दृष्टीला ही रीत अस्वच्छ वाटते. परंतु तिच्यामागे थंडी-पावसाइतकाच श्वापदांचाही विचार होता, हे उघड आहे. गुरे आत असल्याने त्यांची चाहूल घरच्या माणसांस लागे आणि वासराच्या हंबरण्याने घर जागे होई. कोंबड्यांचे खुराडे भिंतीस लागून, शेळ्या-करडे आतल्या बाजूस, आणि कुत्रा मात्र अंगणात, अशी ही मांडणी असे.

दुसरे साधन देवतेचे. वाघोबा अथवा वाघदेव याची ठाणी सह्याद्रीच्या या पट्ट्यात जागोजाग आढळतात. अकोल्याच्या आदिवासी गावांत दिवाळीच्या आरंभी, वसुबारसेच्या दिवशीच, 'वाघबारस' पाळली जाते. एकीकडे गाय-वासराची पूजा आणि त्याच तिथीला वाघाचा मान, हा योग अर्थपूर्ण आहे. वाघाने गुरास व गुराख्यास उपद्रव करू नये ही त्यामागील प्रार्थना. परंतु वाघ येथे राहणारच, हे त्या प्रार्थनेत गृहीत धरलेले आहे. ज्याचा निःपात करावयाचा त्याला कोणी वार्षिक मान देत नाही. शेजार टाळता येत नाही म्हणून त्याची मर्यादा ठरवावयाची, हा तो विचार होय.

तिसरे साधन 'सोबत' या शब्दाचे. ग्रामीण मराठीत सोबत ही केवळ संगत नव्हे, ती एक व्यवस्था आहे. पाण्याला, सरपणाला, पहाटे परसाकडे जावयाला सोबत लागते. शेजारणीला हाक मारल्यावाचून उंबरा ओलांडावयाचा नाही, ही शिकवण मुलीला लहानपणीच मिळते. ही सोबत श्वापदाप्रमाणेच माणसाच्या भयावरही तोडगा होती, आणि दोहोंची शिकवण निराळी देण्याची गरज पडत नसे. चालताना बोलत राहणे, हातातील काठी आपटणे, काठीला घुंगूर बांधणे या सर्वांचा हेतू आपण येत आहोत हे समोरच्यास अगोदर कळावे एवढाच असतो. बिबट्या माणसाचा आवाज ऐकून बहुधा वाट सोडतो. अचानक समोरासमोर येणे हेच उभयतांस घातक. म्हणजे जी गोष्ट प्रथमदर्शनी भित्रेपणाची वाटते ती वस्तुतः प्राण्याच्या स्वभावाचे ज्ञान आहे.

३

शासनाने या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. इंग्रजी अमलात हिंस्र श्वापद मारणाऱ्यास बक्षीस देण्याचे धोरण होते. त्याच वेळी १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे अपराध ठरले. शिकारीची बिदागी होती, पण सामान्य कुटुंबाच्या हाती शस्त्र नव्हते. डोंगरातील घर पूर्वीप्रमाणेच कुडावर, काठीवर आणि शेकोटीवर विसंबून राहिले. स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस प्रतिबंध झाला आणि १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले. कायद्याची दिशा पूर्ण उलटली; घरातील व्यवस्था मात्र तीच राहिली.

याहून मोठा पालट पाण्याने घडविला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या प्रवरेच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांत ऊस आणला. १९५० मध्ये लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे अकोल्यातही नदीकाठी ऊस वाढला आणि तालुक्याचा स्वतःचा अगस्ति सहकारी कारखाना झाला. उसाचे उभे शेत वर्षभर दाट, थंड आणि बहुतांश निर्मनुष्य असते. बिबट्याच्या मादीस पिलांसाठी याहून सोयीची जागा मिळणे कठीण. पूर्वी डोंगरातून 'उतरणारे' जनावर आता शेतातच जन्मू लागले. ऊसतोडीच्या हंगामात फडात पिले सापडतात ती यामुळेच.

४

या नव्या परिस्थितीत जुन्या सवयींचे काय झाले, याचे उत्तर इतिहासाच्या नव्हे, तर प्राणिशास्त्राच्या एका संशोधनातून मिळते. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ च्या अखेरीस अकोल्याच्या परिसरात स्वयंचलित कॅमेरे लावून पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दर चौरस किलोमीटरास तीनशेहून अधिक माणसे राहणाऱ्या या शेतीप्रदेशात दर शंभर चौरस किलोमीटरांमागे सुमारे पाच बिबटे आढळले, आणि जवळजवळ तितकेच तरस. गळपट्ट्यात यंत्र बसवून केलेल्या पुढील अभ्यासात असे दिसले की रात्री माणसे निजल्यावर बिबटे घरांच्या पंचवीस मीटरांच्या आतही येऊन जातात. इतके सान्निध्य असूनही पाहणीच्या त्या काळात या क्षेत्रात बिबट्याने मनुष्य मारल्याची घटना घडली नव्हती.

याच प्रदेशातील बिबट्याच्या आहारासंबंधीचा निष्कर्ष आपल्या विषयास अधिकच उपयुक्त आहे. त्याच्या भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा असून एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा अवघा ११ टक्के भरला. शेळी बिबट्यास नकोशी असते असे नव्हे. ती रात्री त्याच्या हाती लागत नाही, हे त्याचे कारण. कुत्रा बाहेर मोकळा असतो आणि शेळी आत कोंडलेली असते. दररोज सायंकाळी शेळ्या मोजून वाडग्यात घेणाऱ्या आणि फाटकाला आडणा लावणाऱ्या हातांचा पुरावा, एरवी कोठेही न सापडणारा, या आकड्यांत सापडतो. ते हात बहुतेक घरांत बाईचे अथवा मुलांचे असतात.

५

सवयीऐवजी जनावरच हलविले तर काय होते, याचा दाखला हरिश्चंद्रगडाच्या रांगेपलीकडील जुन्नर वनविभागात मिळतो. तेथे फेब्रुवारी २००१ ते डिसेंबर २००३ या काळात शेतीप्रदेशात पकडलेले २९ बिबटे सरासरी चाळीस किलोमीटरांवरील जंगलांत सोडण्यात आले. या मोहिमेपूर्वी वर्षास सरासरी चार हल्ले होत. मोहिमेच्या काळात ते सरासरी सतरावर गेले आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर तेथे स्थिरावत नाही, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येते. ज्या गावांना पूर्वी फारसा त्रास नव्हता त्यांनाही तो पोहोचला. पिंजरा मागणाऱ्या गावकऱ्याचे भय खोटे नव्हते. परंतु एका गावचे भय दुसऱ्या गावाच्या शिवेत नेऊन ठेवल्याने ते कमी झाले नाही.

वनखाते आणि अभ्यासक आज जे नियम सांगतात ते पाहता जुन्या सवयींशी त्यांचे साम्य लक्षात येते. सायंकाळनंतर मुलांस एकटे सोडू नये. अंधारात बॅटरी घेऊन, बोलत अथवा गाणे लावून चालावे. उघड्यावर निजू नये. जनावरे बंदिस्त गोठ्यात ठेवावी. घराजवळ उकिरडा साचू देऊ नये, कारण त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या येतो. तो दिसल्यास गर्दी करून त्याची वाट अडवू नये. फडात पिले आढळल्यास ती परस्पर उचलून न नेता वनखात्यास कळवावे. उकिरड्याचा आणि गर्दीचा नियम वगळता यांतील बहुतेक नियम अकोल्याच्या आजीबाईंस नवे वाटणार नाहीत.

६

येथपर्यंतचे विवेचन वाचून सवयीचा गौरव करावा आणि थांबावे असा मोह होईल. तथापि तसे करणे सत्यास धरून होणार नाही. प्रत्येक सवयीला एक आधार लागतो, आणि ते आधार गेल्या काही दशकांत एकामागून एक ढळले आहेत.

पहिला आधार गावठाणाचा. घरे एकमेकांस लागून असत तेव्हा हाकेला सोबत मिळे. बागायतीबरोबर कुटुंबे मळ्यातील वस्तीवर राहावयास गेली. तेथे शेजार दोन-तीन शेतांपलीकडे आणि ऊस अंगणाच्या कडेपर्यंत. दुसरा आधार दिवसाच्या कामाचा. शेतीपंपाची वीज आळीपाळीने रात्री मिळू लागल्यावर पाणी धरण्यासाठी मध्यरात्री शेतात जाणे भाग पडले. ज्या वेळी घरात राहावे असे परंपरा सांगते, नेमक्या त्याच वेळी. दिवसा वीज देण्यासाठी सौरऊर्जेची योजना २०१७ पासून राज्यात सुरू झाली. तिचे मोल केवळ पिकाच्या हिशेबात मोजणे अपुरे होय. तिसरा आधार दाराचा. ऊसतोडणीस आलेले कुटुंब फडाजवळ कोपीत राहते. कोपीला दार नसते आणि भिंत पाचटाची असते. 'मुलांस बंद घरात निजवावे' हा नियम त्या मातेने कसा पाळावा?

स्त्रीच्या कामाचे स्वरूपही येथे विचारात घेतले पाहिजे. खुरपणी, गवत कापणे, परसाकडे जाणे या साऱ्या क्रिया बसून अथवा वाकून करावयाच्या; आणि बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्यास लहान जनावरासारखा भासतो, असे वनखाते बजावते. घरोघरी शौचालय होण्याचा या संदर्भातील लाभ म्हणूनच मोठा आहे. पण खुरपणीला तसा पर्याय नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या पुणे जिल्ह्यातील पिंपरखेड परिसरात थोड्या दिवसांच्या अंतराने माणसे बळी पडली. त्यांत लहान मुलेही होती. त्यानंतर तेथील शेतकरी स्त्री-पुरुष गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागले. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा घालतात, कारण बिबट्या मान धरतो. कुत्र्यासाठी शोधलेला उपाय माणसाने स्वतःच्या गळ्यात घालावा, यावरून सवयीचे जुने कोट कोठवर मागे हटले आहेत हे कळून येते.

७

सारांश, अकोल्याच्या कुटुंबांनी बिबट्याच्या शेजारी राहण्याची जी पद्धत घडविली ती अज्ञानातून अथवा अंधश्रद्धेतून आलेली नसून दीर्घ निरीक्षणाचे फळ आहे, आणि नव्या संशोधनाने तिचे मर्म सिद्ध केले आहे. तिचा खर्च मात्र विषम वाटला गेला. सायंकाळी लवकर घरी यावयाचे ते मुलीने. सोबत मिळेपर्यंत थांबावयाचे ते बाईने. गोठा बंद झाला की नाही हे पुन्हा उठून पाहावयाचे तेही तिनेच. एखादा अपघात घडला की 'मूल एकटे का सोडले' हा प्रश्न प्रथम आईस विचारला जातो. त्या रात्री वीज केव्हा आली होती, अंगणात दिवा होता का, गोठ्याला जाळी बसविण्यास पैसा होता का, हे प्रश्न त्यानंतर येतात, आणि पुष्कळदा येतच नाहीत.

तालुक्याचा इतिहास लिहिताना गडांच्या तटबंदीइतकेच लक्ष वाडग्याच्या कुंपणाकडे द्यावयास हवे, ते याकरिता. वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात या सवयींचा तपशील अजून शाबूत आहे: कोणती वाट केव्हा टाळावयाची, कोणत्या आवाजाने कुत्रा भुंकतो आणि कोणत्या चाहुलीने तो मुकाट घरात शिरतो. गावोगाव जाऊन तो लिहून घेण्याचे काम विभागाच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास इतिहासाची सेवा होईलच. शिवाय घराच्या सुरक्षिततेचा भार एका व्यक्तीच्या सावधपणावरून काढून दिवा, दार, दिवसाची वीज आणि बंदिस्त गोठा यांवर कसा टाकता येईल, याचा निर्णय करणाऱ्यांसही त्याचा आधार मिळेल.