शीड की यंत्र : पश्चिम किनाऱ्यावरील जलवाहतुकीच्या साधननिवडीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
शिडाची नौका घ्यावी की यंत्रावर चालणारी, हा आज हौशी नौकानयन करणाऱ्या सधन वर्गापुढील प्रश्न मानला जातो. वस्तुतः कोकण किनाऱ्यावर तो फार जुना आहे आणि आरमार, सरकारी टपाल व देशावरील पेठांचा व्यापार त्याच्याशी निगडित होता. वाफेच्या यंत्राने शिडाला पराभूत केले, अशी सरळ मांडणी सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात ही निवड वेगापेक्षा इंधनाच्या व्यवस्थेवर आणि पाण्याच्या खोलीवर अधिक अवलंबून राहिली, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

शीड आणि वल्हे :
यंत्रपूर्व काळात शिडाला पर्याय होता तो वल्ह्याचा. कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या आरमारात गुराब आणि गलबत अशी दोन प्रकारची जहाजे प्रमुख होती. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची व जड तोफांची; गलबत लहान, हलके, शिडाबरोबरच चाळीस-पन्नास वल्ही असणारे. वारा पडला की इंग्रजांची उंच जहाजे जागीच खिळून राहत. त्याच वेळी गलबते गुराबांना दोराने ओढून शत्रूच्या पिछाडीस आणून सोडत. आंग्र्यांनी दोहोंपैकी एकाची निवड केली नाही, दोन्ही एकत्र वापरली. वल्हेकऱ्यांचे ‘इंधन’ म्हणजे शिधा, हेही विसरता येत नाही. किनाऱ्यापासून दूर, दीर्घ मोहिमेस ही रचना सोयीची नव्हती.

‘ह्यू लिंडसे’चा प्रवास :
मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी टपाल घेऊन सुएझकडे निघाली. तिच्या कोठारांत जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावे; एडनपर्यंतचा प्रवास मात्र अकरा दिवसांचा. त्यामुळे मिळेल त्या जागेत कोळसा भरण्यात आला. एडनला पोहोचली तेव्हा सुमारे सहा तासांचाच कोळसा शिल्लक होता. २२ एप्रिलला सुएझ गाठेपर्यंतच्या तेहतीस दिवसांपैकी सुमारे बारा दिवस कोळसा भरण्यातच गेले. विशेष म्हणजे वाटेवरील बंदरांत हा कोळसा आधीच पाठविला गेला होता, तो शिडाच्या जहाजांनी! वाऱ्याची गुलामी संपली खरी, पण तिची जागा कोळशाच्या वखारीने घेतली. १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन जिंकले, त्यामागे अशा वखारीची गरज हे एक महत्त्वाचे कारण होते.

साताऱ्याचा माल :
किनारी व्यापारात चित्र निराळे दिसते. सातारा-कऱ्हाडकडील माल कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरे आणि वाशिष्ठीच्या खाडीतून होड्यांनी बाहेर पडून मुंबईला जाई. उथळ खाडीत मोठ्या आगबोटीचा निभाव लागणे कठीण होते. भरतीची वेळ जाणणारा तांडेल आणि कमी पाण्यात तरंगणारे गलबत यांचे महत्त्व म्हणूनच टिकून राहिले. १८८० च्या दशकात पुणे-मिरज लोहमार्ग लोणंदवरून गेला आणि या मालाला दुसरी वाट मिळाली. या पट्ट्यापुरते पाहता, गलबताला खरा प्रतिस्पर्धी भेटला तो समुद्रावर नव्हे, तर घाटमाथ्यावर.

अलीकडील उदाहरण :
गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौदलाच्या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली; वाटेत त्यांनी चार बंदरे घेतली. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि कोणत्याही बंदरात न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी परतले. ‘म्हादेई’वर साहाय्यक डिझेल यंत्रही होते, परंतु चाळीस हजार किलोमीटर अंतरास पुरेल एवढे डिझेल सुमारे सतरा मीटर लांबीच्या नौकेत मावणे शक्यच नव्हते.