जैवकोळसा आणि किनारी गाळाचे शुद्धीकरण

खाड्या, बंदरे व खाजणे यांच्या तळाशी साचलेल्या दूषित गाळात जैवकोळसा अर्थात बायोचार मिसळून तेथील सूक्ष्मजीवांकडून तेलजन्य व इतर सेंद्रिय प्रदूषकांचे विघटन घडवून आणण्याची पद्धत. भाताचा तूस, नारळाच्या करवंट्या, बांबू किंवा लाकूड जवळजवळ हवेविना सु. ३००° ते ७००° से. तापमानास तापविले की जैवकोळसा मिळतो.

ओहोटीच्या वेळी खाडीचा चिखल कापून पाहिला, तर वरचा काही मिलिमीटरांचा थर तपकिरी आणि खालचा काळा दिसतो. काळ्या थराला कुजक्या अंड्यांचा वास येतो. तिथे ऑक्सिजन नसतो. समुद्राच्या पाण्यातील सल्फेटवर जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि लोहाशी त्याचा संयोग होऊन गाळ काळा पडतो. या थरात मुरलेले तेल फार सावकाश मोडते. अलास्कात १९८९ मध्ये ‘एक्सॉन वाल्डीझ’ या तेलवाहू जहाजातून सांडलेले तेल काही किनाऱ्यांवर पृष्ठभागाखाली दशकाहून अधिक काळ टिकून होते.

प्रदूषकाचा रेणू मोडताना जीवाणूला इलेक्ट्रॉन कुठेतरी सोडावे लागतात; ऑक्सिजन नसला की इथेच अडते. जैवकोळशाच्या पृष्ठभागावरील क्विनोन गट हे इलेक्ट्रॉन घेऊन पुढे लोहसंयुगांकडे किंवा दुसऱ्या जीवाणूकडे पोचवतात. जास्त तापमानाला भाजलेल्या कोळशातील ग्रॅफाइटसदृश थर तर स्वतःच वीजवाहक असतात. शिवाय त्याच्या छिद्रांत जीवाणूंना थारा मिळतो.

खरा पेच पृष्ठशोषणाचा आहे. फेनॅन्थ्रीन, पायरीन यांसारखी बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने कोळशाला घट्ट चिकटतात. चिकटलेला रेणू कालवे, शिंपले, मासे यांच्या अंगात सहजी जात नाही, हा मोठा लाभ. पण तो जीवाणूंच्याही हाती लागत नाही. असा गाळ कमी घातक होतो, स्वच्छ होत नाही. सॅन फ्रान्सिस्को उपसागरातील हंटर्स पॉइंट येथे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या रिचर्ड लुथी व सहकाऱ्यांनी पीसीबीयुक्त (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) गाळात जैवकोळशासारखाच शोषक असलेला सक्रियित कार्बन मिसळला, तो मुख्यतः असा बांधून ठेवण्याचाच प्रयोग होता. पुढे मेरिलँडमधील संशोधकांनी कार्बनच्या गोळ्यांवर पीसीबी मोडणारे जीवाणू चढवून त्या गाळात टाकल्या. ही दिशा अधिक आशादायक वाटते.

या पद्धतीला इतर मर्यादाही आहेत. निकृष्ट रीतीने भाजलेल्या कोळशातच बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने असू शकतात. बारीक भुकटी भरती-ओहोटीबरोबर वाहून जाते. जड धातू तर मोडतच नाहीत. पाऱ्याच्या बाबतीत विशेष जपावे लागते, कारण सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंपैकी काही त्याचे अतिविषारी मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात. उल्हास नदीच्या खाडीतील गाळात पारा आढळलेला असल्याने तिथे जीवाणूंना चालना देण्याआधी हे तपासणे अत्यावश्यक आहे.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली आणि सांडलेले तेल कांदळवनांपर्यंत पोचले. अशा चिखलात यंत्रे उतरवून उपसा करणे म्हणजे मुळांचाच नाश. तिथे ही पद्धत तपासून पाहण्याजोगी आहे. करवंट्या व तूस कोकणात मुबलक आहेत. मात्र प्रयोगशाळेतील चंबूत मिळालेले यश खाडीत तसेच मिळत नाही. शिवाय चिकटणे म्हणजे मोडणे नव्हे; त्यामुळे कोणताही दावा वाचताना प्रदूषकाचे गाळातील एकूण प्रमाण घटले, की केवळ पाण्यात विरघळलेले प्रमाण, हे वाचकाने आधी पाहावे.