तेलघाण्याचे स्थित्यंतर : पूर्वी, मध्यंतरी आणि आता

आपल्या ज्ञातीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे बहुधा श्रीसंताजी जगनाडे महाराजांपासून प्रारंभ केला जातो, व ते योग्यच आहे. चाकण येथे १६२४ साली जन्मलेल्या या पुरुषाने तुकोबारायांचे अभंग लिहून ठेवले, म्हणून आज महाराष्ट्र आपले नाव आदराने घेतो. परंतु ज्या घाण्यावर त्या घराण्याचा चरितार्थ चालत असे, त्या घाण्याचे पुढे काय झाले, याचा विचार आपल्या स्मरणिकांतून फारसा आढळत नाही. प्रस्तुत लेखात तो व्यवसायाच्या दृष्टीने करण्याचे योजिले आहे.

आपला धंदा फार पुरातन आहे. मोखाड्याचा घाट चढून त्र्यंबकमार्गे नाशिकला गेले म्हणजे पांडवलेणी लागतात. तेथील १० क्रमांकाच्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकीर्दीतील, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एक शिलालेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी काही रक्कम निरनिराळ्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेविल्याचे त्यात नमूद आहे, आणि त्या श्रेणींत 'तिलपिषक' म्हणजे तेल्यांची श्रेणी आहे. लोकांनी विश्वासाने पैसा ठेवावा अशी संघटना व पत आपल्या पूर्वजांपाशी सतराशे वर्षांपूर्वी होती. वाचकांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. जाताजाता आणखी एक गोष्ट सांगतो. कुलाबा किनाऱ्यावरील बेने इस्रायल लोकही तेलाचाच धंदा करीत. ते शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांस 'शनवार तेली' म्हणत, आणि सोमवार पाळणारे आपले लोक 'सोमवार तेली' ठरले. धंदा एकच, केवळ सुटीचा वार निराळा!

आता आपल्या भागाकडे वळू. जामसर व जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनींत पहिल्या वर्षी नागली, नंतर वरी आणि मग खुरासनी, असा पिकांचा क्रम पूर्वापार चालत आला आहे. दिवाळीच्या सुमारास खुरासनीच्या पिवळ्या फुलांनी माळ भरून जातो. बियात तेलाचा अंश सुमारे ३५ ते ४० टक्के असतो. याखेरीज मोहाच्या बियांचे तेल आहेच. गिऱ्हाईकाने बी आणावे, तेल्याने गाळून द्यावे आणि मजुरीदाखल धान्य किंवा पेंड ठेवून घ्यावी, अशी जुन्या खेड्यांतील रीत होती. या व्यवहारात तेल्याला भांडवल लागत नसे. त्या काळी ही मोठी सोय होती. तिच्यातच पुढील अनर्थाचे बीज होते.

पहिला आघात दिव्यावर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल खेड्यापाड्यांत पोहोचले आणि समईखेरीज इतर दिव्यांचे तेल गेले. दुसरा आघात यंत्राचा. १९०० साली अमेरिकेत अँडरसन याने सलग चालणारे तेलयंत्र काढले. बैलाच्या घाण्यास एक घाणा उतरावयास जेथे दोन-दोन तास लागतात, तेथे हे यंत्र न थांबता गाळीत राहते. तिसरा आघात वनस्पती तुपाचा. १९३२ साली मुंबईत शिवडी येथे त्याचा कारखाना निघाला, १९३७ पासून 'डालडा' घरोघर गेला, आणि तेल खाणे हे गरिबीचे लक्षण मानले जाऊ लागले.

यंत्रापुढे घाणा हरला, एवढे म्हणून आपण मोकळे होतो. माझे मत थोडे निराळे आहे, आणि त्यास वर्ध्याचा आधार आहे.

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातील आपला बगीचा त्यास दिला, तेच मगनवाडी. जे. सी. कुमारप्पा हे संघाचे चिटणीस. तेथे झवेरभाई पटेल यांनी तेलघाणी हा विषय हाती घेतला. त्यांनी घाण्याची हेटाळणी केली नाही, तसेच वाडवडिलांची वस्तू म्हणून तिला हात लावू नये असेही मानले नाही. उखळाचा आकार, लाटेचा कल, बैलावर पडणारा भार, सर्व तपासून अधिक बी सामावणारी व कमी वेळात तेल देणारी घाणी त्यांनी सिद्ध केली. तिला 'वर्धा घाणी' म्हणतात. सुताराने गावातच दुरुस्त करावी अशी ती होती, हे मला विशेष वाटते. या विषयावर त्यांनी पुस्तकही लिहिले.

तथापि झवेरभाईंचे खरे महत्त्व त्यांनी केलेल्या निदानात आहे. घाणा का बसला, याचा शोध घेताना त्यांना सर्वांत बलवत्तर कारण आढळले ते बियांचे. हंगाम सरला की गावात बी उरत नाही. ते शहरात जाते. तेल्यापाशी साठा करण्यास पैसा नसतो, मग शहरातून चढ्या दराने परत कोठून आणणार? १९३९ साली 'हरिजन' साप्ताहिकातून गांधीजींनी हे विवेचन लोकांपुढे मांडले. बी जेथे पिकते तेथेच राखावे आणि सहकारी संस्था किंवा पंचायत यांच्यामार्फत तेल्यास वाजवी दराने मिळावे, असा त्यावरील उपाय होता. म्हणजे लाकडाची सुधारणा झाली तरी बियांची तजवीज नसेल तर सुधारलेला घाणाही रिकामाच उभा राहणार.

पुढे स्वराज्यात १९५३ चे खादी-ग्रामोद्योग मंडळ आले, १९५७ साली आयोग आला, आणि १९५५ च्या कर्वे समितीनेही तेलघाणीचा विचार केला. सुधारलेल्या घाण्या वाटल्या गेल्या, सहकारी संस्था निघाल्या. पण गिरणीचे तेल स्वस्त पडत होते, आणि मुले शाळेत जाऊन नोकरीस लागत होती. त्यांना कोणी दोष देऊ नये; मीही शिकवूनच पोट भरले.

अलीकडे चक्र उलट फिरले आहे. शहरातील मंडळी लाकडी घाण्याच्या तेलासाठी गिरणीच्या तेलाहून बराच अधिक भाव देतात. कारण असे की, घाणा सावकाश फिरतो, तेल फारसे तापत नाही व बियांचा वास टिकतो. रसायनाने तेल ओढून घेतलेल्या पेंडीत जेमतेम एक टक्का तेल राहते. घाण्याच्या पेंडीत पुष्कळ राहते, म्हणून गुरांस ती मानवते. बैलाच्या जागी विजेची मोटार आली आहे, आणि त्यात काही बिघडले नाही. पण या नव्या घाण्यांचे मालक कोण आहेत, हे पाहिले तर आपली आडनावे शोधावी लागतात.

ज्यांना उतरावयाचे असेल त्यांनी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. १९९८ साली दिल्लीत भेसळीच्या मोहरी तेलाने माणसे दगावली, व तेव्हापासून सुट्या तेलाच्या विक्रीवर निर्बंध आले. यास्तव अन्नसुरक्षेची नोंदणी, बंद बाटली आणि तीवरील तारीख यांवाचून गत्यंतर नाही. दुसरी गोष्ट मदतीची. २०२३ च्या विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरी आहेत, सुतार, कुंभार, शिंपी सर्व आहेत, तेली नाही. मात्र २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत, दहा लाखांच्या मर्यादेत, अनुदान ठेवलेले होते, व त्यात तेलघाणा बसत होता. यंत्रास याप्रमाणे कोठून तरी पैसा मिळू शकतो. बियांस कोण देणार?

आपल्या मंडळाच्या निधीतून गुणवंत विद्यार्थ्यांस बक्षिसे दिली जातात. ती चालू राहावीत. त्याच निधीचा काही भाग तीन-चार महिन्यांच्या मुदतीने, बी खरेदीपुरता, घाणा घालू इच्छिणाऱ्या सभासदास द्यावा, असा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे मी मांडणार आहे. नाशिकच्या श्रेणीकडे परक्यांचा पैसा होता. येथे तो आपला आपल्यातच फिरेल. शेतकऱ्यासही ते बरे, कारण त्याला दाम जागेवर मिळेल. आपल्या देशातून खुरासनी परदेशी निर्यात होते, आणि अमेरिकेत ती पाखरांना खाऊ म्हणून घालतात, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. जामसरच्या बाजूस मार्गशीर्षात झोडणी होते. बी व्यापाऱ्याच्या गोणीत जाण्यापूर्वी जे थोडे आठवडे हाती असतात, त्यांपूर्वी ठरावाचा निर्णय व्हावयास हवा. सभा पौषात भरली तर बी गेलेले असेल.