केशरोपण

केशरोपण : डोक्याच्या ज्या भागातील केस सहसा गळत नाहीत (मुख्यतः मागील व कानांमागील भाग), तेथील केशपुटके काढून ती त्याच व्यक्तीच्या केशहीन भागात बसविण्याच्या शस्त्रक्रियेस केशरोपण म्हणतात. त्वचेबाहेर दिसणारा केस मृत असून त्याची वाढ त्वचेतील जिवंत केशपुटकात होते. त्यामुळे केशरोपणात केस नव्हे, तर पुटक रुजवावयाचे असते.

जर्मन शस्त्रक्रियाविशारद योहान फ्रीड्रिख डीफेनबाख यांनी वुर्ट्‌सबर्ग येथील १८२२ च्या प्रबंधात ऊतकरोपणाचा विचार केला होता. त्यांनी स्वतःच्या डोक्याचे काही केस दंडात रोवून पाहिले व त्यांतील काही रुजले. या प्रयोगाचा उपचारात मात्र उपयोग झाला नाही. जपानी त्वचारोगतज्ञ शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्ये केसांसह त्वचेचे लहान गोल तुकडे छिद्रकाने काढून ते व्रणांमुळे केस गेलेल्या जागी, तसेच भुवयांवर बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. हाजिमे तामुरा यांनी १९४३ मध्ये एक ते तीन केसांची अगदी बारीक रोपे वापरली. दुसरे महायुद्ध व जपानी भाषा यांमुळे हे कार्य पाश्चात्त्य वैद्यकास दीर्घकाळ अज्ञात राहिले.

टक्कल पडण्यास पुं-हॉर्मोने व आनुवंशिकता कारणीभूत असतात, हे जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखविले. परंतु रोपण केलेला केस नव्या जागी जाऊन गळणार नाही कशावरून, हा प्रश्न उरलाच होता. न्यूयॉर्कमधील नॉर्मन ओरेंट्रिच यांनी १९५२ मध्ये त्याचा शोध सुरू केला. त्यांनी केसाळ त्वचा केशहीन जागी आणि केशहीन त्वचा केसाळ जागी बसवून तुलना केली. केसाळ तुकड्यातील केस टकलातही वाढत राहिले, तर केशहीन तुकडा केसांच्या मधोमधही केशहीनच राहिला. पुटकाचा स्वभाव त्याच्या मूळ जागेवरून ठरतो, हा सिद्धांत त्यांनी १९५९ मध्ये ‘दाता-प्राबल्य’ या संकल्पनेद्वारे मांडला. स्वीकारस्थानाचाही वाढीवर काही परिणाम होतो, असे पुढील संशोधनात आढळले. तरी मूळ सिद्धांत शस्त्रक्रियेचा आधार राहिला.

रोपणानंतर पुटक प्रथम भोवतालच्या रक्तद्रवावर जगते. काही दिवसांत त्यास सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडल्या जातात. रक्तपुरवठा खंडित झाल्याच्या आघाताने बहुतेक पुटके विश्रांतीच्या अवस्थेत जातात व सुमारे दोन ते सहा आठवड्यांत रोपलेले केस गळून पडतात. रुग्णास शस्त्रक्रिया फसली असे वाटते. परंतु पुटक जिवंत असते. नैसर्गिक केशचक्रातही विश्रांतीचा काळ सुमारे तीन महिने असतो. तीन ते चार महिन्यांनी नवे केस उगवू लागतात. आरंभी ते बारीक व काहीसे कुरळे असतात. पुढे त्यांची लांबी महिन्यास साधारण १ सेंमी. वाढते. अंतिम परिणाम दिसण्यास एक वर्ष, कधी दीड वर्षही लागते.

ओरेंट्रिच यांच्या पद्धतीत सुमारे ४ मिमी. व्यासाच्या तुकड्यांतून केसांचे झुपके उगवत. त्यामुळे डोके बाहुलीच्या डोक्यासारखे दिसे. जॉन हेडिंग्टन यांनी १९८४ मध्ये डोक्यावरील केस एक ते चारच्या नैसर्गिक गटांत उगवतात, असे वर्णन केले. बॉबी लिमर यांनी १९८८ पासून सूक्ष्मदर्शकाखाली हे गट अलग करून रोपण केले. विल्यम रासमन व रॉबर्ट बर्नस्टाइन यांनी १९९५ मध्ये या पद्धतीस सैद्धांतिक बैठक दिली आणि २००२ मध्ये त्वचेची पट्टी न कापता एकेक गट काढण्याची पद्धत त्यांनी प्रसिद्ध केली.

केशरोपणाने नवे केस निर्माण होत नाहीत. असलेल्या केसांची केवळ जागा बदलते. दाता-भागातून काढलेले पुटक तेथे पुन्हा येत नाही व मूळचे टक्कल पुढेही वाढत राहते. तरुण वयात घाईने रोपण केल्यास काही वर्षांनी रोपलेल्या केसांमागे नवी केशहीन जागा उघडी पडते आणि ती भरण्यास पुटके उरत नाहीत. त्यामुळे दाता-भागाचा साठा आयुष्यभर पुरेल अशा बेताने वापरणे, हे या शस्त्रक्रियेतील महत्त्वाचे पथ्य ठरते.