ध्येय ठरवायचं कसं आणि गाठायचं कसं? संशोधन काय सांगतं?

१ जानेवारी असो की गुढीपाडवा, संकल्पांची कमतरता कधीच नसते. वजन कमी करायचं, इंग्रजी सुधारायचं, पैसे साठवायचे. पण थोड्याच दिवसांत बरेच संकल्प मागे पडतात आणि माणूस स्वतःलाच दोष देतो, 'आपल्यात जिद्दच नाही.' मानसशास्त्रातलं संशोधन मात्र सांगतं की अनेकदा अडचण जिद्दीत नसून ध्येय ठरवण्याच्या पद्धतीत असते.

'३ टक्क्यां'ची गोष्ट खरी आहे का?

येल विद्यापीठाच्या १९५३ च्या बॅचमधल्या फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी ध्येयं लिहून ठेवली होती आणि २० वर्षांनी त्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकूण संपत्तीपेक्षा जास्त भरली, अशी पोस्ट सतत फिरत असते. कधी येलऐवजी हार्वर्डचं नाव असतं. 'फास्ट कंपनी' या अमेरिकन मासिकाने १९९६ मध्ये या गोष्टीचा माग काढला, तेव्हा असा अभ्यास झाल्याचा कोणताही पुरावा सापडला नाही.

मग ध्येय ठरवल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी यावर अनेक दशकं काम केलं. 'जमेल तेवढं चांगलं करा' असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय दिलं, तर लोकांची कामगिरी सुधारते, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. पण त्याला अटी आहेत. ते ध्येय माणसाने मनापासून स्वीकारलेलं असावं, ते गाठण्याची क्षमता असावी आणि आपण कुठवर आलो हे त्याला वेळोवेळी कळत राहावं.

काम अगदी नवीन आणि गुंतागुंतीचं असेल, तर निकालाऐवजी शिकण्याचं ध्येय जास्त उपयोगी पडतं. म्हणजे नुकतंच कोडिंग शिकू लागलेल्याने 'सहा महिन्यांत नोकरी' यापेक्षा 'या महिन्यात तीन छोटे प्रोग्रॅम स्वतः लिहायचे' असं ठरवणं चांगलं.

ध्येय कोणाचं?

केनन शेल्डन आणि अँड्र्यू इलियट यांच्या १९९९ च्या संशोधनानुसार, जी ध्येयं माणसाच्या स्वतःच्या आवडीशी आणि मूल्यांशी जुळतात, त्यांच्यासाठी तो जास्त काळ प्रयत्न करतो आणि ती गाठल्यावर समाधानही जास्त मिळतं. 'लोक काय म्हणतील' म्हणून किंवा मित्रांच्या रील्स बघून घेतलेलं ध्येय इथेच कमी पडतं. एक साधी कसोटी आहे: हे कोणालाच कळणार नसेल, तरी मला ते करायचं आहे का?

'जर-तर' योजना

इच्छा आणि कृती यांच्यातली दरी भरून काढण्यासाठी पीटर गोलविट्झर यांनी एक सोपा उपाय मांडला. कधी, कुठे आणि काय करायचं, हे आधीच ठरवून ठेवायचं.

- 'व्यायाम करायचा' असं न म्हणता, 'सकाळचा चहा झाला की लगेच २० मिनिटं चालायला जायचं.'
- 'बचत करायची' असं न म्हणता, 'पगार जमा झाला की त्याच दिवशी २,००० रुपये आरडीत टाकायचे.'
- अडथळ्याचीही योजना हवी: 'पाऊस असेल, तर घरातच सूर्यनमस्कार घालायचे.'

ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यायामाचा दिवस, वेळ आणि जागा लिहून ठेवणाऱ्यांपैकी ९१ टक्के लोकांनी पुढच्या आठवड्यात व्यायाम केला. ज्यांना फक्त व्यायामाचे फायदे वाचायला दिले होते, त्यांच्यात हे प्रमाण ३५ टक्के होतं.

सवय २१ दिवसांत लागते का?

हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरला. त्यांचं निरीक्षण मुख्यतः शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या रूपाची सवय होण्याबद्दल होतं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर अभ्यास केला. २०१० मध्ये छापलेल्या या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा होता ६६ दिवस. एखाद्या दिवशी खंड पडल्याने फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करावं.

ध्येय सोडणं म्हणजे हार का?

नेहमीच नाही. एखाद्या स्पर्धा परीक्षेमागे सहा-सात वर्षं घालवलेल्या उमेदवारासाठी हा प्रश्न फार खरा असतो. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात, आवाक्याबाहेर गेलेलं ध्येय सोडून देऊ शकणाऱ्या आणि नव्या ध्येयाकडे वळणाऱ्या लोकांचं मानसिक स्वास्थ्य अधिक चांगलं आढळलं. त्यासाठी सुरुवातीलाच मर्यादा ठरवून ठेवलेली बरी: किती प्रयत्न, किती वर्षं, किती खर्च आणि त्यानंतर पुढचा मार्ग कोणता.

सुरुवात कशी करावी?

१. एका वेळी एक किंवा दोनच ध्येयं निवडा.
२. ते का हवं आहे, हे एका वाक्यात लिहा.
३. मोजता येईल असं माप आणि तारीख ठरवा.
४. निदान एक 'जर-तर' योजना लिहा.
५. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, प्रगती तपासा आणि गरज पडली तर योजना बदला.